ऐकणारा शोधताना

सरांची अट एकच होती. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ते त्या घटकेला डोळ्यांना, कानांना, कातडीला, जिभेला, नाकाला जे मिळतंय तेवढ्यावरून. अंदाज चालणार नाही, ऐकीव चालणार नाही, वाचलेलं तर अजिबात चालणार नाही. "बी.ए.ला प्रमाणं, ज्ञान मिळवायची साधनं, शिकलास ना? प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. त्यातलं पहिलं तेवढं ठेव. बाकीची दोन तू परीक्षेत लिहून आलास."

सरांनी मला तेव्हाच्या औरंगाबादला, नागसेनवनात, तत्त्वज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर ते लातूरला लेकीजवळ राहायला आले. माझं औसा रोडला मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी जळतात, लोक त्या भरायला टाकतात, मी जळकी तार काढून नवी भरतो. दुकान वडिलांचं. तत्त्वज्ञान शिकून हे काम का करतोस, असं अजूनही कुणी कुणी विचारतं. मला तांब्याच्या तारेचं काम मनापासून आवडतं, एवढंच त्याचं कारण.

सरांचा प्रश्न असा होता: आपण ज्याला 'मी' म्हणतो, ते इंद्रियांना कुठं सापडतं का?

या प्रश्नापर्यंत मी भीतीच्या वाटेनं आलो. २०२२च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज येऊ लागले, सौम्य धक्क्यांची नोंद झाली, माणसं घराबाहेर झोपू लागली. लातूर-धाराशिवकडच्या माझ्या वयाच्या माणसाला त्यानंतर काय आठवतं ते सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळच. घर सगळ्यांचं होतं तसंच, दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. त्या रात्री आजी गेली. मला चुलत्यांनी ओढून बाहेर काढलं. पुढं ५२ गावं उठवून दुसरीकडं वसवली, त्यात आमचंही आलं. मी वाढलो तो पुनर्वसनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि नंतर सिमेंटच्या घरात, आणि तेव्हापासून माझ्याबद्दल घरात एक वाक्य ठरून गेलं: हा भित्रा आहे. मीही ते मानून चाललो होतो. जड ट्रक रस्त्यावरून गेला की माझी झोप उडते. भांड्यांच्या मांडणीत पातेलं वाजलं की मी आधी दाराकडं बघतो. हासोरीच्या बातमीनंतर हे इतकं वाढलं की मी अंगणात बाज टाकून झोपायला लागलो, आणि एका रात्री सरांना फोन केला.

त्यांनी माझी समजूत घातली नाही. विचारलं, "भीती कुणाला वाटायलीय?"

"मला."

"तो मी कुठाय? तू सांगू नको, बघ. रोज थोडं बघ आणि मला लिहून पाठव."

तसं सुरू झालं. सर रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न पाठवत. मी दिवसभर कामात तो सोबत ठेवायचो आणि रात्री उत्तर लिहायचो. कधी त्यांचा एका ओळीत निरोप यायचा, 'हे बघितलंस की आठवून लिहिलंस?' बहुतेक वेळा आठवून लिहिलेलं असायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा.

पहिला प्रश्न हाताचा. डोळे मिटून तळहात एखाद्या वस्तूवर ठेव, आणि सांग, हात कुठं संपतो आणि वस्तू कुठं सुरू होते.

मी स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, लोखंडावर हात ठेवला. सकाळची वेळ, लोखंड गार. माझं उत्तर तयारच होतं: इकडं माझा हात, तिकडं लोखंड, मधे स्पर्श. पण डोळे मिटून बसल्यावर त्या तीन गोष्टी काही केल्या मिळेनात. गारवा होता. एक दाब होता, मधे जास्त, कडेला विरत गेलेला. बारीक खडबड होती. गारव्याची एक बाजू हाताची आणि दुसरी लोखंडाची असं त्यात कुठं नव्हतं. गारवा एकच होता. 'हात' म्हटलं की डोळ्यांपुढं हाताचं चित्र येत होतं, 'लोखंड' म्हटलं की स्टेटरचं. ती दोन्ही चित्रं काढून बाजूला ठेवली की उरायचा गारवा, आणि तो माझा की लोखंडाचा हे गारव्यावर लिहिलेलं नव्हतं. मग सरांनी विचारलं, न हलवता सांग, बोटं किती आहेत? मला पाच हे माहीत होतं, पण जाणवत होते ते दोन-तीन उबदार ठिपके आणि अंगठ्याजवळ एक ठोका. मला हे विचित्र वाटलं. हात हलवला की लगेच पाच बोटं हजर व्हायची, स्थिर ठेवला की पुन्हा विरून जायची.

नंतर अख्ख्या शरीराचं तेच. डोळे मिटून बाकावर बसायचं आणि बघायचं, या जाणवण्याला उंची किती, वजन किती, वय किती? माझं वय चाळिशीच्या पुढं आहे. बुडाखालचा दाब मात्र कुठल्याच वयाचा नव्हता. पोटातली हालचाल पुरुषाची की बाईची हे तिच्यावरून कळेना. एवढं साधं, पण ते लिहून पाठवताना मी बराच वेळ थांबून राहिलो होतो.

डोळ्यांच्या बाबतीत मी हट्ट धरला. मला ठामपणे वाटायचं की मी डोळ्यांच्या मागं, कपाळाच्या आतल्या बाजूला बसलेलो आहे आणि तिथून बाहेर बघतो. हे खरंच असं जाणवायचं, मी मुद्दाम म्हणत नव्हतो. सरांनी मला डग्लस हार्डिंग या इंग्रज माणसाचा एक प्रयोग करायला लावला. समोरच्या भिंतीकडं बोट दाखव, काय दिसतं? रंग, आकार, भेगा. आपल्या गुडघ्याकडं दाखव, काय दिसतं? तेच, रंग, आकार. आता तेच बोट आपल्या चेहऱ्याकडं वळव. बोट ज्याकडं रोखलंय, तिथं आता काय दिसायलंय?

नाकाची अंधूक कड दिसत होती, तीही एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. त्याच्या मागं डोकं असतं, पण ते दिसत नव्हतं. जिथं बघणारा असायला पाहिजे तिथं मला दुकानच दिसत होतं: टेबल, गुंडाळलेली तार, दारातलं ऊन. मी सरांना लिहिलं की हे आरशात बघितलं असतं तर दिसलं असतं. त्यांचं उत्तर: 'आरशात जे दिसतं ते हातभर लांब असतं. मी विचारतोय ते इथलं.'

पण डोळ्यांमागचा 'मी' काही जाईना. मग त्यांनी माझ्या हट्टाचाच प्रश्न केला. डोळ्यांच्या मागं जे काही आहे, त्याला स्पर्श आहे का? आकार? ऊब? आणि तिथं मला या सगळ्या शोधातली पहिली खरी गोष्ट सापडली. भुवयांच्या मधे आणि डोळ्यांच्या खोबणीभोवती एक ताण होता, सतत आवळून धरलेला. त्या ताणाला मी आयुष्यभर 'बघणारा' समजत आलो होतो. तो दिसण्याचं काहीच करत नव्हता. मी कपाळ सैल सोडलं, ताण कमी झाला, आणि भिंत पूर्वीइतकीच स्पष्ट दिसत राहिली.

त्या दिवशी सरांनी फोनवर ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाबद्दल सांगितलं. १७३९ साली डेव्हिड ह्यूमनं लिहून ठेवलंय की स्वतःच्या आत शिरून बघायला गेलं की दर वेळी उष्णता किंवा गारवा, उजेड किंवा सावली, दुःख किंवा सुख असं काहीतरी हाती लागतं, त्याच्याशिवायचा नुसता 'मी' कधी सापडत नाही. मला हे कॉलेजात शिकवलेलं होतं, उत्तरपत्रिकेतही लिहिलं होतं. सर म्हणाले, "म्हणूनच इतके दिवस बोललो नाही."

माझ्या लेकीनं एक दिवस मोबाइलवर रबरी हाताचा प्रयोग बघितला आणि तो आपण करू म्हणाली. हा प्रयोग बॉट्विनिक आणि कोहेन या दोघांनी १९९८ साली छापला. दुकानात वीजकामाचे रबरी हातमोजे असतातच. एकात चिंध्या भरल्या, टेबलावर माझ्यासमोर ठेवला. माझा खरा हात खोक्याच्या आड. लेकीनं दोन ब्रश घेतले आणि दोन्ही हातांवर, एकाच बोटावर, एकाच वेळी फिरवायला लागली. मी मोज्याकडं बघत होतो. थोड्याच वेळात ब्रशचा स्पर्श मोज्यावर जाणवायला लागला. मला ठाऊक होतं की तो मोजा आहे, त्यात चिंध्या मीच कोंबल्या होत्या, तरी स्पर्श तिथंच होता. मग तिनं मुद्दाम लय चुकवली, एक ब्रश आधी, एक नंतर, आणि ते लगेच मोडलं. पुन्हा लय जुळवली, पुन्हा तो हात 'माझा'. मग तिनं न सांगता हातोडी उचलली आणि मी खुर्चीतून उठलो. लेक खूप हसली. मला मात्र हे नीट बघायचं होतं म्हणून मी तिला पुन्हा पुन्हा करायला लावलं. डोळ्यांचं आणि कातडीचं वेळेत जुळलं की 'माझं' हा शिक्का बसतो, जुळलं नाही की बसत नाही. जन्मापासून माझ्याकडं आहे असं वाटणारं हे 'माझं'पण एका मुलीच्या हातातल्या दोन ब्रशांवर येत-जात होतं.

आता आवाजाचं. माझ्यासाठी सगळ्यात जास्त इथंच घडलं, कारण माझी भीती कानातून येते आणि माझं कामही कानाचंच आहे.

मोटारीची बेअरिंग गेली की नाही ते आम्ही ऐकून सांगतो. मोटार चालू करायची, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागेवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. चांगल्या बेअरिंगची एकसारखी घरघर येते, गेलेलीत खरखर मिसळते. हे मी हजारदा केलेलं असेल. सरांनी सांगितलं, आता तेच कर, पण एक बघ: आधी आवाज येतो की आधी 'बेअरिंग गेली' येतं?

ऐकायला सोपं वाटतं. करायला लागल्यावर लक्षात आलं की आवाज आणि नाव यांच्यात फट अशी दिसतच नाही. खरखर आली की '६२०५ नंबरची बेअरिंग बदलावी लागणार' हे इतकं लगेच येतं की ते खरखरीतच आहे असं वाटतं. मी दिवसेंदिवस तिथंच बसलो. गिऱ्हाईक समोर उभं, "काय झालं, भरायची का बेअरिंगच टाकायची?" आणि मी मूठ कानाला लावून बसलेलो. मग एकदा झालं. खरखर होती, आणि तिच्यानंतर, अगदी थोडं मागून, डोक्यात शब्द उमटला. आवाजाला त्या शब्दाची गरज नव्हती. तो शब्द उमटायच्या आधी तिथं बेअरिंग नव्हती, मोटार नव्हती आणि ऐकणाराही नव्हता. 'मला खरखर ऐकू आली' हे वाक्य, त्यातल्या 'मला'सकट, मागून आलं.

मी त्या रात्री लिहून पाठवलं. सरांनी बुद्धानं बाहिया नावाच्या साधकाला दिलेल्या उपदेशाची आठवण काढली: पाहण्यात केवळ पाहिलेलं असू दे, ऐकण्यात केवळ ऐकलेलं. आणि लगेच पुढचा प्रश्न: तो आवाज किती लांब होता?

घरी स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी येते. ती 'तिकडं' आहे आणि मी 'इकडं' आहे. डोळे मिटून मी ती लांबी ऐकायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघराचं चित्र यायचं, मधल्या खोलीचं चित्र यायचं, बाजेवर बसलेल्या माझंही चित्र यायचं, पाठीमागून बघितल्यासारखं. ती चित्रं गेली की शिट्टी जिथं होती तिथंच होती, आणि तिच्या अलीकडं कुणी कान लावून बसलेला नव्हता. बायकोनं विचारलं, "अहो, शिट्ट्या मोजायलाव का? किती झाल्या?" मोजल्या नव्हत्या. डाळ जास्त शिजली.

यातून मला राग आला, तेही सांगतो. मधले काही दिवस मी सरांना लिहिलंच नाही. कारण असं की मी तेव्हा 'ठरवणं' कसं घडतं ते बघत होतो. कपाटात वेगवेगळ्या गेजच्या तारा असतात. सरांचा प्रश्न होता, हात एका रिळाकडं जातो तेव्हा ठरवणारा पकड. मी पकडायला बसायचो. हात जायचा. 'मी ही घेतली' हे नंतर यायचं. कधी आधी यायचं, 'एकवीसची घेऊ', पण मग ते वाक्यच कुठून आलं, ते मी ठरवून आणलं होतं का, हे बघायला गेलं की तिथंही कुणी नव्हतं. मला मेंदूचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन लिबेटचा १९८३चा प्रयोग माहीत होता. हात हलवायचं ठरवल्याचं माणसाला जाणवतं त्याच्या सुमारे ३५० मिलिसेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली असते, असं त्यात दिसलं, आणि त्याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद चालू आहे. सरांनी तो बाजूला ठेवायला सांगितला, शब्दप्रमाण म्हणून. पण माझा राग प्रयोगावर नव्हताच. मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, सर, ठरवणारा नसेल तर दुकानाचं कर्ज कुणी काढलं? उधारीच्या वहीत नाव कुणाचं आहे? ज्याची मोटार वेळेत भरून दिली नाही आणि ज्याचं पीक वाळलं, त्याच्यापुढं मान खाली घालून उभं कुणी राहायचं?

सर म्हणाले, "तूच राहायचं. यात ते कुठं नाकारलंय?" मग त्यांनी टेबलाखालची पाण्याची मोटार दाखवली. "नागसेनाचं सांग बघू."

आमच्या कॉलेजच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. बाबासाहेबांनी १९५०मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला पुढं मिलिंद हे नाव दिलं आणि त्या परिसराला नागसेनवन. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात राजा विचारतो, नागसेन म्हणजे नेमकं काय? नागसेन उलट विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस? चाकं? दांडा? मी मोटारीवरून सांगितलं: स्टेटर ही मोटार नाही, रोटर ही नाही, बेअरिंग नाही, वाइंडिंग नाही, पंखा नाही, आणि हे सगळं पोत्यात भरलं तर तीही नाही. जोडून बसवली की आपण मोटार म्हणतो, आणि ती पाणी उचलते.

"मोटार कुणाची, हे लिहितोस ना चिठ्ठीवर?"

"लिहितो."

"मग तुझंही नाव लिही. फक्त उघडून बघितल्यावर आत 'मोटार' नावाचा वेगळा तुकडा सापडंल म्हणून बसू नको."

माझा राग त्यानं सगळा गेला असं नाही. पण मी पुन्हा लिहायला लागलो.

गळीत हंगाम सुरू झाला. आमच्याकडं रात्रभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, दोन-दोन ट्रॉल्या एकामागं एक. त्या गेल्या की जमीन आधी थरथरते आणि आवाज नंतर येतो. हेच मला सगळ्यात जास्त घाबरवणारं. सर म्हणाले होते की इथं सावकाश जायचं. भीती वाढली की डोळे उघडायचे, पाय जमिनीला टेकवायचे, घरातल्या कुणाला तरी हाक मारायची, आणि त्या दिवसापुरतं सोडून द्यायचं. जोर लावायचा नाही. ज्या माणसाला आधीच आपण खरे नाही, सगळं लांब गेलंय असं वाटतं, त्यानं हे करूच नये, आधी मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जावं, हेही त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं. मीही हे वाचणाऱ्याला तेच सांगेन. मी सरांचं ऐकून बऱ्याच रात्री अर्ध्यातच थांबलो.

एका रात्री थांबलो नाही. बाजेवर पडलेलो. आधी बाजेच्या लाकडातून पाठीला कंप आला. पोट आत ओढलं गेलं. छातीत घट्ट. तोंडात मातीची चव, ती खरी होती, कोरडी, दातांत करकरणारी. १९९३मध्ये मला बाहेर काढलं तेव्हा तोंडात माती होती, पण या रात्री तोंडात काही नव्हतं. मग चित्र: अंधार, चुलत्यांचा हात. मग वाक्य: मी मरतो. हे सगळं एकाच वेळी आलेलं नव्हतं, एकेक करून येत होतं, आणि मी पहिल्यांदाच एकेक करून बघत होतो. कंप हा कंप होता. घट्टपणाला कडा होत्या, आकार होता, तो हलत होता. घाबरलेला कुठाय, असं विचारल्यावर लक्ष गळ्याशी गेलं, तिथं आणखी एक आवळणं होतं. तेही बघितलं. त्याच्या मागं आणखी कुणी नव्हतं. कंप, आवळणं, चव, चित्र, वाक्य. भित्रा म्हणून ज्याची घरात इतकी वर्षं ओळख होती, तो या पाचांत कुठंच नव्हता, आणि पाचांच्या बाहेरही नव्हता. ट्रॉली पुढं गेली. आवाज कमी होत गेला. मला रडू आलं, बराच वेळ.

भीती गेली का? नाही. जड वाहन गेलं की पोट आजही आत ओढलं जातं. पण आता ते पोट आत ओढलं जाणं एवढंच असतं, त्याला पुढचं वाक्य बऱ्याचदा जोडलं जात नाही, आणि मी घरात झोपतो. गिऱ्हाइकाशी भांडण झालं की 'मी' पूर्ण ताकदीनं परत येतो, कपाळातल्या ताणासकट. तेव्हा बघायचं सुचत नाही, तासाभरानं सुचतं.

माझ्या मायला मी हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. ती अजून उन्हाळा-पावसाळा दाराजवळच झोपते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या आजीला सापडलं असतं का रं असं काही? तिला तर येळच मिळाला नाही." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी तिच्याजवळ बसून राहिलो. तिला प्रश्न-बिश्न काही विचारले नाहीत.

सरांशी माझा एक मतभेद मात्र वाढत गेलाय. अंबाजोगाईला पिठाच्या गिरणीच्या कामाला गेलो की मी मुकुंदराजांच्या समाधीला जाऊन येतो. शके १११०चा काळ, मराठीत वेदान्त पहिल्यांदा सांगणारा माणूस आमच्याच बालाघाटात बसलेला, असं परंपरेनं मानतात. त्यांच्या परंपरेत सगळं बाजूला सारल्यावर बघणारा उरतो, साक्षी, आणि तोच ब्रह्म. सर म्हणतात, साक्षी उरतो हे तुला कशानं कळलं? डोळ्यांनी, कानांनी, का कातडीनं? मी म्हणतो, साक्षी नाही हे तरी तुम्हाला कोणत्या इंद्रियानं कळलं? आम्ही दोघंही यावर तासन्‌तास बोलतो आणि कुणीच मागं हटत नाही. समाधीजवळच्या दरीत डोळे मिटून बसलं की मला वारा मिळतो, माकडांचा आवाज मिळतो, दगडाची ऊब मिळते. साक्षी मिळत नाही. पण मिळत नाही म्हणून नाहीच, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मराठवाड्यानं मला हे दोन्ही दिले, नागसेनवनही आणि मुकुंदराजही, आणि एकाला सोडून दुसऱ्याकडं जायची मला घाई नाही.

सध्या मी वासावर अडलोय. सरांचा प्रश्न तोच आहे, वास आधी की नाव आधी. जळक्या मोटारीचं झाकण काढलं की करपलेल्या वार्निशचा वास येतो, आणि 'वाइंडिंग गेली' हे इतकं घट्ट चिकटून येतं की आवाजात जी फट सापडली ती इथं सापडत नाही. शिवाय वासाला दिशाच नाही. आवाज निदान डावीकडून-उजवीकडून येतो, वास झाकण काढलं की सगळीकडं असतो. श्वास घेताना असतो, सोडताना नसतो, आणि तो जातो तेव्हा जाताना दिसत नाही. बायकोनं भाकरी करपवली तेव्हाही बघितलं, तिथंही नाव आधी आलं. काल एक पाच एचपीची मोटार आली, बेलकुंडकडच्या शेतकऱ्याची, पार काळी झालेली. त्याला रब्बीच्या हरभऱ्याला पाणी द्यायचंय, परवापर्यंत पाहिजे म्हणाला. मी झाकण काढून नाक खाली नेलं आणि डोळे मिटले, तर तो म्हणाला, "मालक, चक्कर आली का?"

सरांना रात्री लिहून पाठवलं की आजही नाव आधी आलं. त्यांचं उत्तर आलं: 'मोटार आधी भरून दे. मग परत वास घे.'